मैदानाकडे पाठ करून बसणारे सर

अंबडच्या कोर्टात माझी वकिली सुरू होऊन फार दिवस झालेले नाहीत, पण एवढ्यात माझ्या आवाजाची ख्याती झाली आहे. परवा एका वाटणीच्या दाव्यात मी बोलायला उभी राहिले आणि दोन वाक्यं होतात न होतात तोच साहेब म्हणाले, "वकीलबाई, मी इथंच बसलोय, जालन्याला नाही." सगळं कोर्ट हसलं. मीही हसले. खरं सांगायचं तर मला मनातून गुदगुल्या झाल्या. कारण दहावीत जाईपर्यंत वर्गात मी दिलेली हजेरी शेजारच्या बाकावरच्या मुलीलाही ऐकू जात नसे. हा आवाज माझ्यातून ओढून काढला तो आमच्या भूगोलाच्या सरांनी, आणि तो काढताना त्यांनी मला इतका ताप दिला की आजही त्यांची आठवण आली की आधी थोडा राग येतो.

सर मंठ्याला आमच्या शाळेत होते. उंच, किडकिडीत, बाराही महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाचं बटण लावलेलं. खिशात बडीशेपेची डबी. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. वर्गाबाहेर पाऊल पडलं की गावाकडचं सुरू. क्रिकेटशी त्यांचा संबंध शून्य. त्यांच्या हातात बॅट मी एकदाच पाहिली, तीही मुख्याध्यापकांच्या खोलीतली पाल हाकलताना.

असा माणूस मुलींच्या क्रिकेट संघाचा प्रशिक्षक कसा झाला, तर मान वर होती म्हणून. खेळाच्या सरांची बदली झालेली आणि वरून आदेश आला की अंबडच्या शालेय स्पर्धेला मुलींचाही संघ पाठवा. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "कोण घेतं?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. आमचे सर तेवढे खिडकीतून ढग बघत होते. झालं, संघ त्यांच्या गळ्यात पडला.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला मैदानावर गोळा केलं आणि विचारलं, "ह्या खेळात बोललेलं चालतं का?"

आमच्यात क्रिकेट खरोखर येणारी एकच, प्रज्ञा. तिचे वडील दुसऱ्या एका शाळेत शिक्षक होते आणि ती चुलतभावांच्यात खेळून तयार झालेली. ती म्हणाली, "चालतं की सर. रन काढताना तर बोलावंच लागतं."

"मंग जमलं," सर म्हणाले. "बाकीचं तू शिकव. बोलायचं मी शिकवतो."

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही बॅटला हात लावला नाही. निम्म्या मुली मैदानाच्या एका टोकाला, निम्म्या दुसऱ्या टोकाला. इकडच्या मुलीने तिकडच्या मुलीचं नाव घ्यायचं. ऐकू गेलं तर तिने हात वर करायचा, नाही गेलं तर पुन्हा घ्यायचं. नाव पूर्ण घ्यायचं, तोडायचं नाही. आमच्यात राजनंदिनी म्हणून सातवीतली एक मुलगी होती. अंगाने चिमणीएवढी आणि नाव हे एवढं. तिचं नाव संपेपर्यंत धाव निघून जाते, नुसतं 'राजी' म्हणू द्या, अशी आम्ही विनवणी केली. सर म्हणाले, "तिच्या मायबापानं एवढं लांब नाव हौसेनं ठेवलं. आपण कोण कापणारे?"

आमच्या गावात मुलींना सगळं शिकवतात, ओरडायला शिकवत नाहीत. उलट 'हळू बोल' हे वाक्य माझ्या कानांनी जेवढं ऐकलं तेवढं माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. त्यामुळे सुरुवातीला आमच्या हाका म्हणजे नुसता श्वास. सर बडीशेप चघळत उभे राहायचे आणि म्हणायचे, "आली का हाक? मला तर न्हाई आली." संध्याकाळ होईपर्यंत हाच खेळ.

मग धावा काढायचा त्यांचा नियम आला. जी धाव मागेल तिने जोडीदारणीचं नाव घ्यायचं. जिचं नाव घेतलं तिने चेंडूकडे बघायचं नाही, विचार करायचा नाही, पळायचं. आणि धावबाद झालं तर? एकदा सरावात दोघींची भांडणं जुंपली. एकीने बोलावलं, दुसरी पळाली आणि यष्ट्या उडाल्या. दोघी एकमेकींकडे बोट दाखवायला लागल्या. सरांना खरा नियम माहीत नव्हता, आणि माहीत नसलं म्हणून न्याय देण्यात त्यांनी कधी कुचराई केली नाही. त्यांनी विचारलं, "हाक कोणाची होती?" जिची होती ती म्हणाली, माझी. "मंग तू जा. तिनं तुझ्यावर इस्वास ठेवला ना."

प्रज्ञाने नंतर समजावून सांगितलं की सर, असं नसतं, जी क्रीजबाहेर सापडते ती बाद. सर म्हणाले, "असल. आपल्याकडं असं." आमच्याकडं मग तेच चालू राहिलं. रन-आउट झाली की जिने बोलावलं ती निमूट बॅट काखेत मारून चालू लागायची, आणि खरोखर बाद झालेली मागे खेळत राहायची. महिन्याभरात आम्हाला यात काही वावगं वाटेनासं झालं. भांडणं मात्र बंद झाली, हे मान्य करायला हवं.

मी यातून माझी सोय काढली होती. मी कधीच हाक मारत नसे. दुसरीने बोलावलं की पळायचं, नाही तर उभं राहायचं. अशाने मी सरावात कधी धावबाद झाले नाही. संघातली सगळ्यात कच्ची फलंदाज मी, पण खेळपट्टीवर मुक्काम माझाच लांब. सरांनी ते बरोबर हेरलं. एकदा पाणी पिताना माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "तू लई जपून खेळून राह्यली. तुझी हाक अजून यायची हाये. येऊ दे, मी थांबतो." मला तेव्हा वाटलं होतं की हा माणूस जिथे जाईल तिथे कटकट करतो.

सामना सुरू झाला की सर मैदानाकडे पाठ करून बसायचे, ही त्यांची आणखी एक तऱ्हा. चहाच्या हॉटेलातून एक प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणायची, सीमेबाहेर ठेवायची आणि तोंड रस्त्याकडे करून बसायचं. लोक हसायचे. येणारे-जाणारे विचारायचे, "सर, मॅच तिकडं चालू हाये की." सर म्हणायचे, "मला इथून बराबर ऐकू येतं." आम्हाला सुरुवातीला वाटलं, यांना कंटाळा येतो. एकदा प्रज्ञाने धीर करून विचारलंच.

"बघायला लागलो की मी सांगायला लागतो," सर म्हणाले. "मी सांगायला लागलो की तुम्ही माझ्याकडं बघायला लागता. मंग तिथं खेळायचं कोणी?"

आणि त्यांना खरंच सगळं ऐकू यायचं. सामन्यानंतर ते नेमकं सांगायचे, की अमकी तिसऱ्या ओव्हरला घाबरली होती, तमकीने हाक मारून मग विचार बदलला. चौकार कोणी मारले ते मात्र त्यांना आम्हालाच विचारावं लागे.

झेल शिकवायची पद्धत तर विचारूच नका. त्यांचं गाव अंबडकडचं, घरची मोसंबीची बाग. बागेत फळांची गळ झाली की सर पोतं भरून एसटीने मंठ्याला आणायचे आणि आमच्या दिशेने उंच फेकायचे. कडक हाताने धरली की मोसंबी फुटायची आणि कोपरापर्यंत रस ओघळायचा. सांभाळून धरली तर शाबूत. धरलेली मोसंबी आपण खायची नाही, शेजारी उभ्या असलेल्या मुलीला सोलून द्यायची. म्हणजे मला मोसंबी मिळणार की नाही हे माझ्या शेजारणीच्या हातांवर अवलंबून. इतक्या तळमळीने मी आयुष्यात दुसऱ्या कोणासाठी प्रार्थना केलेली नाही.

आता अडचण अशी होती की आमचं मैदान मोंढ्याला, म्हणजे धान्याच्या बाजाराला लागून, आणि मोंढ्याच्या तोंडाशीच माझ्या पप्पांचं बी-बियाणांचं दुकान. रोज संध्याकाळी दुकानात शेतकरी बसलेले असायचे आणि मैदानावरून कोणी ना कोणी माझ्या नावाने ओरडत असायचं. एक दिवस एक म्हातारा गिऱ्हाईक पप्पांना म्हणाला, "शेठ, तुमच्या पोरीचं नाव तर सगळ्या मोंढ्याला पाठ झालं." त्याच्या मनात काही नसेल, पण पप्पा त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पप्पा आणि आणखी दोघींचे वडील सरांकडे आले. आम्ही लांब उभ्या राहून ऐकत होतो.

"खेळायला आमचं काही न्हाई," पप्पा म्हणाले. "पण भर बाजारात पोरींची नावं घेऊन वरडायचं, हे बरं दिसतं का? लोकं काय म्हणतील?"

सरांनी बडीशेपेची डबी पुढे केली. कोणी घेतली नाही. "नाव कोणी ठेवलं?" त्यांनी विचारलं.

"म्हंजे?"

"बारशाला पेढे वाटून तुम्हीच ठेवलं ना? मंग आता लपवून काहून राह्यले?"

बाकीचे दोघे वडील ओशाळं हसले. पप्पा हसले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "अंबडची मॅच होऊ द्या. नावनोंदणी झालीच हाये. त्याच्यानंतर पोरगी घरी बसून दहावीचा अभ्यास करील." पप्पा आवाज न चढवता बोलले की विषय संपला, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या आठवड्यात मी रोज मैदानावर गेले ते मोजके दिवस उरल्यासारखी, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला हे सगळं किती आवडत होतं. ती मोसंबी, तो धुरळा, प्रज्ञाच्या त्या खणखणीत आवाजातलं माझं नाव, सगळंच.

अंबडला समोर जालन्याच्या एका मोठ्या शाळेच्या मुली होत्या. पांढरेशुभ्र कपडे, प्रत्येकीची स्वतःची बॅग. आमच्या अंगात शाळेचे पीटीचे गणवेश. त्यांनी आधी फलंदाजी केली. त्यात माझ्या हातून एक सोपा झेल सुटला. नुसता धरायचा होता, तोही सुटला. तरी आमच्या मुलींनी त्यांना फार पळू दिलं नाही. मग आमची पाळी आली आणि एकेक करून विकेटी पडत गेल्या. शेवटी प्रज्ञा आणि मी खेळत होतो आणि कडुलिंबाखाली पॅड बांधून राजनंदिनी एकटी उरली होती. धावा थोड्याच हव्या होत्या. प्रज्ञा आहे म्हटल्यावर कोणाला काळजी नव्हती.

प्रज्ञाने चेंडू बाजूला ढकलला आणि माझं नाव घेतलं. मी पळाले. चेंडूकडे बघितलंच नाही. पण फेक सरळ यष्टीरक्षक मुलीच्या हातात आली आणि मी पोचायच्या आत बेल्स खाली. त्यांच्या मुली नाचायला लागल्या. आणि प्रज्ञाने हातमोजे काढले, बॅट काखेत मारली आणि ती चालू लागली.

मी तिथेच उभी राहून क्रीजची माती सारखी करू लागले. राजनंदिनीही काही न विचारता पॅड फडफडवत आत आली. आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही की काही चुकलं आहे.

अंपायर अंबडचेच एक गुरुजी होते. ते माझ्याजवळ आले. "अगं बाई, तू इथं काय करून राह्यली? आऊट तू झालीस."

"हाक प्रज्ञाची होती सर," मी म्हणाले.

"कसली हाक?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिकडे जालन्याच्या मुलींचे सर सीमेवरून हात हलवत ओरडले, "जी गेली ती गेली! आमची काही हरकत न्हाई!" हरकत कशाला असेल? आमची सगळ्यात भारी फलंदाज आपल्या पायांनी बाहेर गेली होती आणि सगळ्यात कच्ची आत उभी होती.

अंपायर आमच्या सरांकडे गेले. सर नेहमीसारखे पाठमोरे, तोंड तहसीलच्या भिंतीकडे.

"सर, जरा इकडं तोंड करा."

"बोला, ऐकू येतं."

"नियमानं पळत आलेली पोरगी आऊट हाये. तुमची चांगली पोरगी चुकून गेली. मी परत बोलावतो तिला."

"समोरच्यांचं काय म्हणणं?"

"ते तर खूश हायेत. म्हणतात, राहू द्या असंच."

"मंग राहू द्या."

"अहो, मॅच घालवता का हातानं?"

सरांनी प्रज्ञाला विचारलं, "हाक तुझी होती ना?"

"व्हय सर."

"मंग बस इथं." आणि मग मागे न बघता, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, "आत जी हाये तिला म्हणा, तिची हाक राह्यली हाये."

खरी नियमावली काय म्हणते ते मला आता माहीत आहे. त्या दिवशी मात्र दोन्ही बाजू राजी म्हटल्यावर अंपायरांनी खांदे उडवले आणि खेळ पुढे सुरू झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाने. माझा हा शेवटचा सामना, घरी पप्पा वाट बघताहेत, प्रज्ञा असती तर आम्ही जिंकलोच असतो, आणि ह्या माणसाला आत्ताच मला शिकवायचं सुचलं! मला बाहेर जायचं होतं. बाहेर जाऊन कडुलिंबाखाली बसायचं होतं आणि दुसऱ्या कोणीतरी हे निस्तरावं असं वाटत होतं.

"ताई, मी काय करू?" राजनंदिनीने विचारलं. तिचं हेल्मेट नाकापर्यंत आलं होतं.

"मी नाव घेतलं की पळ," मी म्हणाले. हे मी म्हणाले याचं मलाच नवल वाटलं.

पहिल्या हाकेला नाव अर्धंच बाहेर आलं, राजनंदिनी अडखळली आणि कशीबशी पोचली. मग मला तिचा राग आला, माझा आला, सरांच्या त्या ताठ पाठीचा आला, आणि त्या रागात पुढची हाक गेली ती तहसीलच्या भिंतीवर आपटून परत आली. पोरगी बाणासारखी सुटली. भिंतीवर बसलेली अंबडची टारगट पोरं आधी त्या लांब नावाला हसली. मग प्रत्येक धावेला तीच आमच्याबरोबर 'राजनंदिनी' ओरडायला लागली. एकेक, एकेक करत आम्ही बरोबरीला आलो.

राहिली एक धाव. चेंडू माझ्या बॅटच्या टोकाला लागून पायाशीच पडला. यष्टीरक्षक मुलगी दोन पावलांवर. शहाण्या माणसाने उभं राहावं अशी ती जागा होती. मी नाव घेतलं. 'राज' म्हणाले तेव्हा मी इकडे होते आणि 'नी' म्हणाले तेव्हा आम्ही मध्यावर एकमेकींना ओलांडत होतो. ती चेंडूकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. फेक मी पळत जात होते त्या टोकाला आली. मी बॅट पुढे टाकली आणि तिच्यामागे मीही पडले. ती धाव हुकली असती तर आमच्या आणि जगाच्या, दोन्ही नियमांनी मीच बाद होते. अंपायरांनी दोन्ही हात आडवे हलवले, नाबाद.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. प्रज्ञा पहिल्यांदा पोचली. "मघाशीच आऊट होतीस गं तू!" असं म्हणत तिने मला उचललं. तिच्या जागी मी असते तर मला एवढं हसता आलं असतं का, कोण जाणे. राजनंदिनी हेल्मेटच्या आत रडत होती. इतका अभिमान मला नंतर वकिलीची सनद मिळाली तेव्हाही वाटला नाही, आणि तो फक्त माझा नव्हता. अकरा जणींचा मिळून एकच होता.

सर तोवर हॉटेलवाल्याची खुर्ची परत करून आले. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "पहिली हाक अर्धी गिळलीस. बाकीच्या बराबर."

"सर, तुम्ही बघितलंच न्हाई," मी म्हणाले.

"बघायला लोकं होते की."

पुढच्या फेरीत आम्ही सपशेल हरलो, हे सांगून टाकलेलं बरं. सर आता निवृत्त आहेत, गावी बागेत असतात. मी अंबडला आल्यापासून कधीमधी जाते. अजून मनगटाचं बटण लावलेलं असतं आणि अजून माझ्या वकिलीतल्या चुका ते मला न विचारता काढतात. प्रज्ञा पोलिसात गेली. राजनंदिनी कॉलेजात आहे आणि तिला आजही कोणी 'राजी' म्हटलेलं चालत नाही.

पण मला त्या संध्याकाळचं सांगायचं आहे. एसटी मंठ्याच्या स्टँडवर लागली तेव्हा बाजार उठलेला, सगळा स्टँड माणसांनी भरलेला. प्रज्ञाच्या वडिलांना फोन गेला होता, त्यांच्याकडून बातमी गावभर झाली असावी. आम्ही बारा-पंधरा मुली, सारख्याच गणवेशात, सारख्याच धुळीने माखलेल्या, घोळक्याने खाली उतरलो. आणि गर्दीच्या पलीकडून कोणीतरी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. मी वळून बघितलं तर पप्पा. दुकान तसंच उघडं टाकून आलेले, रसवंतीच्या ओट्यावर चढून उभे. ज्यांना ते रोज बियाणं विकतात ती सगळी माणसं भोवती होती. मी दिसेना म्हणून त्यांनी पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने.

मी गर्दीतून वाट काढत गेले. पप्पांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली. तेवढ्यात मागून सर आले. आता हे माझं कौतुक करणार, म्हणून मी मान खाली घातली.

"तुमच्या पोरीनं आज एक कॅच सोडला," सर म्हणाले. "लई सोपा होता. उद्या हिला जरा जल्दी पाठवा."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.